वंगणापासून ब्रेक ऑइलपर्यंत

नंदुरबार शहरातील कोरीट नाका ओलांडून कोरीट गावाकडे जाणाऱ्या वाटेने आज सकाळ-संध्याकाळ ज्या मोटारसायकली धावतात, त्यांतील पुष्कळांच्या पुढील चाकाला ब्रेकची भोकाभोकांची एक पोलादी चकती चमकत असते. ही चकती या मुलखात येऊन अवघी दोन-अडीच तपे झाली. परंतु धावत्या चाकाला आवर घालण्याचा प्रश्न मात्र येथे फार जुना आहे. अकबराच्या अमदानीत माळवा सुभ्यातील एक सरकार (म्हणजे सुभ्याचा एक विभाग) म्हणून ज्याची नोंद ‘आइन-इ-अकबरी’त झाली, ते नंदुरबार सुरत आणि बऱ्हाणपूर यांना जोडणाऱ्या व्यापारी हमरस्त्यावरील मोक्याचे ठाणे होते. १६३० च्या भीषण दुष्काळात पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी याच वाटेने आग्र्याकडे गेला. कापूस, कापड, धान्य आणि मीठ घेऊन बैलांचे तांडे व गाड्या याच मार्गाने शतकानुशतके चालत आल्या. आणि १८१८ साली खानदेशात कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर सडका बांधल्या गेल्या, तरी त्यांवरून चालणारे मुख्य वाहन बैलगाडीच राहिले.

बैलगाडीला स्वतःचा असा ब्रेक नसे म्हटले तरी चालेल. सपाटीवर बैलांचे खूर आणि गाडीवानाचा हात एवढ्यावर भागत असे. परंतु खानदेशातून गुजरातेकडे उतरणाऱ्या कोंडाईबारीसारख्या घाटात भरली गाडी बैलांच्या अंगावर येऊ लागली, म्हणजे चाकाला दोराने जखडणे, चाकाच्या लोखंडी धावेवर लाकूड दाबून धरणे, माणसांनी मागून गाडी ओढून धरणे, असे उपाय करावे लागत. या उपायांत चातुर्य होते, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की गाडीची निगा हे घरच्या माणसाचे काम समजले जाई. चाक काढून आखाला एरंडेलाचे वंगण देणे, धाव सैल झाली की ती ओळखणे, आरे हलतात काय ते कान देऊन ऐकणे, या गोष्टी शेतकऱ्याच्या मुलाला कोणी मुद्दाम शिकवीत नसे. सुतार-लोहाराकडे जायचे ते मोठ्या दुरुस्तीपुरते.

आणि इतिहासातील एक विलक्षण योग असा, की बैलगाडीचा आख ज्या एरंडेलाने फिरता राहिला, तेच एरंडेल पुढे मोटारीचे चाक थांबविण्यासही उपयोगी पडले. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोटारींना बसू लागले, तेव्हा त्यांच्या नळ्यांत भरलेला द्रव बहुतेक करून एरंडेल आणि मद्यार्क यांचे मिश्रण असे. चकतीची कल्पना त्याहूनही जुनी. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. परंतु त्याने चकतीवर दाबण्यासाठी वापरलेले तांबे त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजे आणि कर्कश आवाज करी, म्हणून ही युक्ती अर्धशतक अडगळीत पडली. १९५३ साली ल मान्सच्या शर्यतीत जॅग्वारने चकतीच्या बळावर बाजी मारली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. आणि १९६९ साली होंडाच्या सीबी ७५० या गाडीने द्रवदाबाची चकती मोठ्या प्रमाणावर निघणाऱ्या मोटारसायकलीच्या पुढील चाकाला प्रथम आणून बसविली. लँचेस्टरला ज्या धुळीने हरविले, तीच धूळ आजही खानदेशातील प्रत्येक चकतीची वैरीण आहे, हे पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे वेग आधी आला आणि आवर मागाहून. १९५५ पासून मद्रासेत जुळू लागलेली बुलेट, त्यानंतरची राजदूत आणि जावा, या साऱ्या ड्रम ब्रेकच्या, म्हणजे चाकातील डब्याला आतून लायनर दाबून थांबणाऱ्या, गाड्या. याचा सर्वांत बोलका दाखला १९८३ च्या राजदूत ३५० चा आहे: जपानी यामाहाच्या मूळ गाडीस पुढे चकती होती, पण येथे ती गाडी काढताना खर्च वाचविण्यासाठी चकतीच्या जागी ड्रम बसविला गेला, इंजिनाचे बळ बरेचसे राखले आणि थांबण्याचे बळ मात्र कमी केले. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. तथापि ड्रम ब्रेकचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. मागच्या ब्रेकच्या दांडीच्या टोकाची चाकी बोटांनी फिरवली की ब्रेक घट्ट होई, लायनर संपला की मिस्त्रीकडे जावे हे पायालाच कळे. बैलगाडीच्या निगेची जी घरगुती परंपरा होती, ती त्या चाकीतून काही अंशी मोटारसायकलीवर उतरली. पुढे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत कल्याणी ब्रेक्सचा कारखाना उभा राहिला आणि ब्रेकचे सामान खानदेशातच तयार होऊ लागले. २००१ साली बजाजची पल्सर आली आणि पुढच्या चाकाची चकती सामान्य घरातील तरुणाच्या आटोक्यात येऊ लागली. चकती आली, ब्रेक एका बोटावर लागू लागला, आणि त्याच सुमारास ब्रेककडे पाहण्याची सवय सुटली. कारण आता आवळण्यासारखे बाहेर काही दिसेना. लोक समजले, की यात करण्यासारखे काहीच नाही.

वस्तुतः करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील बराच भाग अंगणात होण्याजोगा आहे. पावसाळ्यात कोरीटसारख्या काळ्या जमिनीच्या गावातून गाडी चालविली, की चिकण चिखल चकतीवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये जाऊन बसतो आणि उन्हाने दगडासारखा वाळतो. ज्या दोन पिनांवर कॅलिपर इकडे-तिकडे सरकावयाचा, त्या अडकतात. मग एकच पॅड झिजत राहतो, चाक जड फिरते, चकती तापते, आणि मालक ‘अ‍ॅव्हरेज पडला’ म्हणून इंजिनाला दोष देतो. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो चकतीवरून अलगद सोडवावा, नळीवर लोंबकळू न देता दोरीने बांधून ठेवावा, आणि पॅड उजेडात धरून पाहावेत. मसाला दीड मिलिमीटरच्या आसपास उरला असेल तर पॅड बदलावेतच. पत्र्याला पत्रा लागेपर्यंत थांबले, तर चकतीही जाते. पॅडची धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पिना पुसून त्यांना ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. येथे एक घातक सवय सांगितली पाहिजे: हाताशी रॉकेल किंवा डिझेल असते म्हणून त्यानेच कॅलिपर धुण्याची. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीचे रबर खनिज तेलाने फुगते, आणि फुगलेले रबर पिस्टनला मागे येऊ देत नाही. तेच रबर शाबूत असते तेव्हा दाबाने किंचित वळते आणि लिव्हर सोडताच पुन्हा सरळ होऊन पिस्टनला केसभर मागे ओढते. एवढ्याशा हालचालीवर पॅड चकतीपासून सुटतो. या साध्या रचनेचे मला अतिशय कौतुक वाटते.

दुसरा प्रश्न द्रवाचा. आजचे ब्रेक ऑइल एरंडेलाचे नाही. ते ग्लायकॉल जातीचे असून हवेतील ओल शोषून घेते. बाटलीवर ‘डॉट ४’ असे लिहिलेल्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. सपाट शिवारात हा फरक जाणवत नाही. परंतु तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट किंवा अक्कलकुवा-मोलगी वाटेवरील देवगोई घाट उतरताना, सतत ब्रेक धरून ठेवणाऱ्या स्वाराच्या कॅलिपरमधील जुना द्रव उकळू शकतो. वाफ दाबली जाते, पॅड दाबला जात नाही, आणि लिव्हर एकाएकी मुठीपर्यंत बसते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस (चाक जखडू न देणारी यंत्रणा) आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस किंवा जोडब्रेक (दोन्ही चाकांना एकदम लागणारा) बंधनकारक झाले, हे उत्तमच झाले. पण द्रव उकळला तर या दोहोंचा काही इलाज चालत नाही.

म्हणून कोरीटच्या आणि आसपासच्या गावांतील गाडीवाल्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा सरल्यावर, हँडलवरील ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचेच आणि सीलबंद बाटलीतले ब्रेक ऑइल भरून घ्या. ब्रेकच्या नळीतील हवा काढायची असेल तर कॅलिपरवरील निपलला पारदर्शक नळी लावा, तिचे टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा सोडा, आवळा, आणि मगच लिव्हर सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करा व टाकी रिकामी पडू देऊ नका. ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. काम झाल्यावर लिव्हर टणक लागेपर्यंत दाबत राहा आणि गाडी अंगणातच ढकलून ब्रेक तपासा. लिव्हर मऊ लागली, तर त्या दिवशी गाडी रस्त्यावर काढू नका. मिस्त्रीला घरी बोलवा.