पाटण्याचं कवच आणि मोजता येणारा फोटो

चाळीसगावजवळचं पाटणे म्हटलं की पाटणादेवी आणि भास्कराचार्य आठवतात. पण तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर या गावाची आणखी एक ओळख करून घ्या. १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं. दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले आणि त्यातल्या एकावर आडव्या-तिडव्या रेषा कोरलेल्या दिसल्या. वय सुमारे २५,००० वर्षं.

मग शंका आलीच: या रेषा माणसाने कोरल्या की मातीतल्या मुळांनी? रॉबर्ट बेडनारिक यांनी भारतातली अशी कवचं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. बहुतेकांवरच्या खुणा नैसर्गिक निघाल्या. पाटण्याचा तुकडा मात्र मानवनिर्मित ठरला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तुकडा जपलेला होता, म्हणून तो पुन्हा तपासता आला. पण तो ज्या थरातून आला, तो थर खणताना संपला. त्याची साक्ष फक्त नोंदीत उरते. आणि दोरी-टेप लावून आलेखकागदावर काढलेल्या चित्रात काढणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं, तेवढंच येतं.

फोटोग्रामेट्री उपयोगी पडते ती इथे. कल्पना जुनी आहे. १८५८ मध्ये जर्मनीत वेत्सलारच्या चर्चची मोजमापं घेताना अल्ब्रेख्त मायडेनबाउअर उंचावरून पडता पडता वाचले आणि मोजमाप फोटोवरूनच घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं. तत्त्व साधं: एकच बिंदू दोन-तीन जागांवरून टिपला, तर त्रिकोणांच्या गणिताने त्याची जागा काढता येते. आज संगणक हेच लाखो बिंदूंसाठी करतो.

खानदेशात याची निकड जास्त आहे. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या दरडी पावसाळ्यात ढासळतात. उन्हाळ्यात दिसलेलं जीवाश्माचं हाड दिवाळीनंतर तिथे असेलच असं नाही. म्हणून हाड हलवण्याआधी फोटो घ्या. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ६० ते ८० टक्के भाग यायला हवा. झूम बदलू नका. कडक ऊन असेल तर सावली धरा. आणि मोजपट्टी ठेवायला विसरू नका. तिच्याशिवाय मॉडेलचा आकार बरोबर येतो, पण हाड वीतभर की हातभर, ते कळत नाही. उत्तर दिशा, जीपीएस नोंद आणि मूळ फोटोही जपून ठेवा, कारण उद्याचं सॉफ्टवेअर त्यातूनच जास्त काढेल.

तरीही वही बंद करू नका. कॅमेरा रंग टिपतो. माती चिकट आहे की रेताड, हे बोटांनाच कळतं. थर कुठे बदलला हे तुम्हीच ठरवायचं आणि का ठरवलं तेही लिहायचं. फोटो असतील, तर तुमचा निर्णय चुकला का, हे पन्नास वर्षांनंतरचा विद्यार्थी तपासू शकेल.