विजापूरची कुमक आणि जुन्नर प्रांत (इ. स. १६३३–१६३६)

जुन्नर आणि चाकण यांच्या मधल्या टापूत, मंचरनजीक, अवसरी बुद्रुक हे गाव वसले आहे. इ. स. १६३६ च्या तहाने जुन्नर मोगलांकडे व चाकण विजापूरकडे गेले आणि हा टापू दोन सत्तांच्या सरहद्दीवर आला. ही सरहद्द रणांगणावर जितकी ठरली, तितकीच ती विजापूर दरबारातील एका प्रश्नाच्या उत्तराने ठरली. निजामशाहीस कुमक द्यावी की नाही, हा तो प्रश्न होय.

जून १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद घेतले व हुसेन निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. तथापि शहाजी राजे भोसले यांनी मुर्तजा या अल्पवयी राजपुत्रास पेमगिरीवर गादीवर बसविले व निजामशाहीचा कारभार पुढे चालविला. या उद्योगास आदिलशाहीतील मातबर सरदार मुरार जगदेव याचे साहाय्य होते. त्यामागे केवळ स्नेहभाव नव्हता. १६३१-३२ मध्ये आसफखानाने खुद्द विजापुरास वेढा घातला होता. निजामशाही टिकली तर मोगलांना रोखणारी आडभिंत टिकणार होती.

परंतु कुमक चालू ठेवणे म्हणजे शहाजहानचा रोष ओढवून घेणे होते. त्यातच दरबारात दुफळी माजली व १६३५ मध्ये खवासखान व मुरार जगदेव मारले गेले. १६३६ च्या आरंभी शहाजहान स्वतः दक्षिणेत आला व त्याच्या फौजांनी आदिलशाही मुलूख उद्ध्वस्त केला. मे महिन्यात तह झाला. मुहंमद आदिलशहाने मोगलांचे अधिराज्य मान्य केले, २० लक्ष रुपये देण्याचे कबूल केले आणि निजामशाहीच्या प्रदेशात वाटा मिळविला. जुन्नर, त्र्यंबक आदी किल्ले मोगलांच्या हवाली केल्याखेरीज शहाजीस आश्रय देऊ नये, असेही एक कलम होते. पुढे माहुलीच्या वेढ्यात रणदुल्लाखानाची विजापुरी फौज मोगलांच्या खानजमानाबरोबर उभी राहिली. वर्षअखेरीस शहाजींनी मुर्तजास मोगलांच्या स्वाधीन केले व आदिलशाहीची चाकरी पत्करली.

तात्कालिक दृष्टीने हा निर्णय लाभाचा ठरला. राजधानी वाचली व मुलूख वाढला. मात्र आडभिंत पाडण्यास विजापूरने स्वतःच हातभार लावला होता. ज्या जुन्नरवर मित्राचा अंमल होता, तेथे आता मोगलांचे ठाणे आले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी छापा घातला तो याच मोगली जुन्नरवर. आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले तेव्हा मध्ये उभे राहणारे दुसरे राज्य उरले नव्हते.