विशेष शैक्षणिक गरजांविषयीचा कायदा (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांचे व त्यांच्या पालकांचे हक्क प्रामुख्याने बालक व कुटुंब अधिनियम, २०१४ च्या तिसऱ्या भागात नमूद आहेत. हा भाग १ सप्टेंबर २०१४ पासून अमलात आला. जन्मापासून २५ वर्षे वयापर्यंतच्या व्यक्ती त्याच्या कक्षेत येतात. वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथे वेगळे कायदे आहेत.

पार्श्वभूमी
मुलांची विभागणी अपंगत्वाच्या प्रकारावरून न करता शैक्षणिक गरजांचा विचार करावा, अशी भूमिका वॉर्नॉक समितीने १९७८ च्या अहवालात मांडली. त्यानंतर १९८१ च्या शिक्षण कायद्याने गरजांचे लेखी निवेदन देण्याची पद्धत सुरू केली. २०१४ च्या कायद्याने तिच्या जागी 'शिक्षण, आरोग्य व निगा योजना' आणली.

व्याख्या
अध्ययनातील अडचण किंवा अपंगत्व यांमुळे विशेष शैक्षणिक तरतूद आवश्यक ठरत असेल, तर त्या मुलास विशेष शैक्षणिक गरजा आहेत असे मानले जाते. केवळ घरची भाषा शिकवण्याच्या भाषेहून वेगळी असणे ही अध्ययनातील अडचण ठरत नाही. ही तरतूद इंग्लंडमधील मराठी भाषक कुटुंबांसह सर्व स्थलांतरित कुटुंबांसाठी महत्त्वाची आहे.

मूल्यांकन व योजना
पालक स्वतः स्थानिक प्राधिकरणाकडे मूल्यांकनाची मागणी करू शकतात. त्यासाठी शाळेची संमती लागत नाही. मूल्यांकन करायचे की नाही, हे प्राधिकरणाने ६ आठवड्यांत कळवावे लागते. काही अपवाद वगळता अंतिम योजना मागणीपासून २० आठवड्यांत देणे बंधनकारक आहे. मसुद्यावर मत मांडण्यासाठी पालकांना किमान १५ दिवस मिळतात.

योजनेतील शैक्षणिक तरतूद उपलब्ध करून देणे हे प्राधिकरणाचे कायदेशीर कर्तव्य असते. त्यामुळे तिची शब्दरचना निर्णायक ठरते. 'गरजेनुसार वाचा-उपचार' अशा मोघम नोंदीची अंमलबजावणी करून घेणे कठीण जाते. 'दर आठवड्यास ४५ मिनिटे' अशी नोंद असल्यास त्रुटी दाखवता येते. योजनेचा आढावा किमान १२ महिन्यांतून एकदा घ्यावा लागतो.

दाद मागणे
मूल्यांकन किंवा योजना नाकारल्यास, तसेच योजनेतील गरजा, तरतूद वा शाळा मान्य नसल्यास पालकांना न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत निर्णयापासून २ महिने किंवा मध्यस्थीविषयक प्रमाणपत्रापासून १ महिना, यांपैकी जी नंतर संपेल ती असते. केवळ शाळेविषयी वाद असल्यास प्रमाणपत्राची गरज नसते. अपिलास शुल्क नाही व वकील नेमण्याची सक्ती नाही. मंजूर तरतूद प्रत्यक्षात मिळत नसल्यास मात्र तक्रार किंवा न्यायालयीन पुनर्विलोकन हे मार्ग अवलंबावे लागतात.

पालकांना साहाय्य
पालकांना माहिती व सल्ला मिळण्याची व्यवस्था करणे प्रत्येक स्थानिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ही सेवा विनामूल्य व निःपक्षपाती असणे अपेक्षित असते.