सक्तीच्या राज्यातले घरचे शिक्षण

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे असे एखाद्या मराठी कुटुंबाने आज ठरवले, की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. दाखला कोण देणार? दहावीला कसा बसणार? चार पोरांत मिसळणार कधी? आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, हे खूळ कोणाच्या डोक्यातून निघाले? या सगळ्यांच्या तळाशी एकच समजूत असते, की शाळा ही मूळची रीत आणि घरचे शिक्षण हे अलीकडचे फॅड. बडोद्यातल्या दांडिया बाजाराकडे, म्हणजे गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्ताने सूरसागर आणि रावपुऱ्याच्या आसपास वाढलेल्या मराठी वस्तीकडे, इतिहास म्हणून पाहिले तर ही समजूत टिकत नाही. चार-पाच पिढ्यांपूर्वी अशाच वस्तीत संशयाने पाहिले जाई ते शाळेकडे. नातेवाइकांच्या शंका फोल असतात, असे मला म्हणायचे नाही. एक शंका तर फार खरी आहे. पण ती बहुतेक वेळा विचारलीच जात नाही, आणि भलत्याच शंकांची उत्तरे देण्यात आईबापांची शक्ती संपते.

जुनी रीत आधी पाहू. कारकून, शिलेदार, भिक्षुक यांच्या घरांतला मुलगा अक्षरे गिरवी ती धूळपाटीवर, बहुधा कोणाच्या तरी ओसरीवर बसणाऱ्या पंतोजींच्या नजरेखाली. पण त्याचे रोजचे शिक्षण होई ते तिन्हीसांजेच्या परवच्यात. दिवेलागण झाली की देवापुढे बसून आधी स्तोत्रे, मग तिथी-वार-नक्षत्र, मग पाढे. आणि पाढे म्हणजे नुसते बे एके बे नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. साडेतीन रुपये मणाचा भाव असेल तर सतरा मणांचे एकोणसाठ रुपये आठ आणे, हे औटकी पाठ असलेला दहा वर्षांचा पोर कागद न घेता सांगे. पुढे हाच मुलगा बापाच्या किंवा मामाच्या मागोमाग दफ्तरात उमेदवार म्हणून जाऊन बसे, मोडी वाचायला शिके, नकला उतरवी, आणि हिशेब चुकला की वडीलधाऱ्या कारकुनाची बोलणी खाई. दाखला कोणी मागत नसे; ताळा जुळला की परीक्षा झाली. या शिक्षणाच्या उणिवाही लपवण्यात अर्थ नाही. जग केवढे आहे हे त्यात कळत नसे. बहुतेक घरांत मुलींना त्यात जागा नव्हती, आणि ज्यांना समाजाने ओसरीवर पायही ठेवू दिला नाही त्यांना तर मुळीच नव्हती.

या शहराचे सगळ्यांत मोठे शैक्षणिक उदाहरणही शाळेबाहेरचेच आहे. १८७५ साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, आणि त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. हेच पुढचे महाराज सयाजीराव. शेतकरी घरातल्या या मुलाला अक्षरओळख जेमतेम होती. त्याला कोणत्याही सार्वजनिक शाळेत धाडले गेले नाही. इलियट नावाचा इंग्रज मुलकी अधिकारी शिक्षक म्हणून नेमला गेला, आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी या भाषांसह सगळा अभ्यास राजवाड्याच्या देखरेखीखाली झाला. १८८१ मध्ये राज्याची सूत्रे हाती यायच्या सुमारास दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांच्यापुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली: खजिना, न्याय, नेमणुका, राजवाड्यातले मानकरी आणि त्यांना कसे हाताळावे. ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. सहा-साडेसहा वर्षांत एक जवळजवळ निरक्षर मुलगा राज्य चालवायला तयार झाला. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते राजवैभव नाही. मुलाने काय शिकावे, ते कोण शिकवणार आणि ते झाले की नाही याचा जाब कोण देणार, या तिन्ही गोष्टी तिथे नावानिशी ठरलेल्या होत्या.

अशा तऱ्हेने शिकलेल्या राजानेच पुढे शाळेची सक्ती केली, यात अनेकांना विसंगती दिसेल. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या निवडक गावांत प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये सक्तीचा कायदा सबंध राज्याला लागू झाला. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा वर्षांच्या. न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. विसंगती इथे नाही, कारण सयाजीरावांचा रोख न शिकवण्यावर होता. ज्या घरात शिक्षक ठेवण्याची ऐपत नाही, परवचा म्हणणारे कोणी नाही आणि मूल गुरांमागे जाते, त्या घरासाठी ही सक्ती होती. ज्या इंग्लंडचे उदाहरण तेव्हा डोळ्यांपुढे असे, तिथल्या १८७० च्या कायद्यानेही मूल अन्य प्रकारे पुरेसे शिकत असेल तर ते गैरहजेरीला वाजवी कारण मानले होते. सक्ती कशाची, शिकण्याची की इमारतीची, हा प्रश्न कायदे करणाऱ्यांना त्या काळीही पडलेला होता.

त्याच १८९३ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानच्या नोकरीत एक तरुण रुजू झाला. खासेराव जाधव यांच्या दांडिया बाजारातल्या घरी पुढे त्याचे राहणे झाले. अरविंद घोष. सातव्या वर्षी त्यांना इंग्लंडला नेले गेले, तेव्हा दोघे थोरले भाऊ मँचेस्टरच्या ग्रामर स्कूलमध्ये गेले. धाकट्या अरविंदांना मात्र ज्यांच्याकडे ते राहत त्या ड्र्यूएट दांपत्याने घरीच शिकवले. लॅटिन आणि इतिहास पाद्री ड्र्यूएट यांच्याकडे, फ्रेंच, भूगोल आणि गणित त्यांच्या पत्नीकडे. १८८४ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत गेल्यावर तिथल्या मुख्याध्यापकांनी या मुलाची तयारी पाहून त्याला वरच्या वर्गांकडे ढकलले, आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजला गेला. बडोद्यात हाच गृहस्थ कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवू लागला, आणि संस्कृत, बंगाली, मराठी, गुजराती या भाषा त्याने नोकरी सांभाळून घरी बसून आत्मसात केल्या. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग जिथे सुरू होत होता त्याच राज्याच्या राजधानीत हा माणूस राहत होता, आणि त्याच्याकडे पाहून कोणी घरचे शिक्षण कच्चे असते असे म्हटले असते तर ते हास्यास्पद ठरले असते.

आता नातेवाइकांच्या विरोधाकडे येऊ, कारण मराठी माणसाच्या घरच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे निम्मा तोच आहे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पहिल्या पत्नीला संस्कृत शिकवायला घेतले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी ते बंद पाडले. दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी शिकवलेच. जातीतून तक्रार गेली आणि उडुपीच्या विद्वानांपुढे खुलासा द्यावा लागला. अनंतशास्त्री चिडले नाहीत, पळालेही नाहीत. स्त्रियांना संस्कृत शिकवण्यास शास्त्राचा आधार आहे याचे पुरावे त्यांनी ग्रंथांतून गोळा केले आणि सभेपुढे मांडले. मग सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तिथे १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना पुढे आईने पहाटे, घरकाम सुरू व्हायच्या आधी, शिकवले. त्या मुलीने कोणत्याही शाळेचे तोंड पाहिले नव्हते, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. रमाबाई रानड्यांचा अनुभव वेगळा. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी लग्न होऊन आल्या आणि नवऱ्याने शिकवायला सुरुवात केली. घरातल्या थोरल्या बायकांनी काय काय ऐकवले, अबोला कसा धरला, हे त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. तिथे सभा नव्हती, पुरावा मागणारे कोणी नव्हते. रोज त्याच माणसांत जेवायचे होते. अशा घरात वाद घालून काही निष्पन्न होत नाही. रमाबाई घरची सगळी कामे निमूट करत राहिल्या आणि पुस्तक सोडले नाही. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. कोणती धरायची हे समोरचा शंका विचारतो आहे की राग काढतो आहे, यावर ठरते.

घरीच शिकण्याचा प्रकार बडोद्याच्या राजवाड्यातही घडला. १८८५ मध्ये लग्न होऊन आलेल्या देवासच्या गजराबाई, म्हणजे दुसऱ्या चिमणाबाई महाराणी, लग्नानंतर वाड्यातच शिकल्या. १९२७ च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन शिक्षणाच्याच प्रश्नावर भरले, तेव्हा अध्यक्षपदी त्याच होत्या. संगीतात मात्र उलटे झाले. घराण्यातली विद्या घरातच राहावी अशी रीत असताना १८८६ मध्ये सयाजीरावांनी गवई मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली आणि ती विद्या कोणालाही शिकता येईल अशी खुली केली.

इथे सगळ्यांत जड आक्षेप येतो. ही सगळी उदाहरणे राजांची, शास्त्र्यांची, न्यायमूर्तींची; ज्यांच्या घरात आधीच विद्या होती त्यांची. हे खरे आहे आणि मी ते पूर्ण मान्य करतो. सयाजीरावांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या तेव्हा सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९१७ मध्ये संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकून परतलेल्या डॉ. आंबेडकरांना या शहरात राहायला घर मिळाले नाही. ज्यांना घराची दारे बंद होती त्यांच्यासाठी शाळेचे दार हेच एकमेव दार होते, आणि आजही कित्येकांसाठी तेच आहे. म्हणून घरी शिकवणाऱ्याने शाळा वाईट असते असे म्हणू नये. ते इतिहासाला धरून नाही आणि अन्यायाचेही आहे. पण शाळा कोट्यवधींना लागते यावरून ती प्रत्येकाला लागते, असे सिद्ध होत नाही. सयाजीरावांनीच १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालाला आणून मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकपेट्या उभ्या केल्या. शिकणे शाळेच्या घंटेला संपत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मिसळण्याचा प्रश्न मात्र मी हलका मानत नाही. राजवाड्यातही सयाजीरावांना एकटे बसवले नव्हते. भाऊ संपतराव आणि इतर मुले सोबत शिकत. आजच्या दांडिया बाजारात किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत वाड्याचा चौक राहिलेला नाही, फ्लॅटचे दार बंद असते, आणि परवच्याला बसायला चार चुलत भावंडे नसतात. घरी शिकवणाऱ्यांनी ही सोबत हट्टाने जमवावी लागते: आखाडा, गाण्याचा वर्ग, ग्रंथालय, दुसरी अशीच कुटुंबे. ती आपोआप होईल म्हणणाऱ्यांवर मावशी शंका घेते तेव्हा मावशी बरोबर असते.

दाखल्याची शंका त्या मानाने सोपी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण त्यासाठी पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदाव्या वर्षानंतर दहावीला बसता येते, मराठी आणि गुजराती माध्यमातूनही; आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देणे महाराष्ट्रात कोणाला नवे नाही. राहते ती खरी शंका: सहा ते चौदा या आठ वर्षांत मूल शिकते आहे की नुसते घरी आहे, हे आईबापांखेरीज कोण पाहणार? इलियटला दरबारापुढे जाब द्यावा लागे, अनंतशास्त्र्यांना सभेपुढे. आजच्या घरी शिकवणाऱ्या आईबापांना कोणापुढेच द्यावा लागत नाही, आणि ही त्यांची सवलत नसून अडचण आहे. त्यांनी दरवर्षी घराबाहेरच्या कोणा जाणत्या शिक्षकाला बोलवावे, मुलाला वाचायला लावावे, गणित सोडवायला द्यावे, वह्या समोर ठेवाव्यात आणि जे उणे निघेल ते लिहून घ्यावे. शंका घेणाऱ्या आजोबांना किंवा काकूंना त्या दिवशी शेजारी बसू द्यावे.