ताऱ्याचा पत्ताही विचारा

१९९१ साली दोन अतिनवताऱ्यांनी खगोलशास्त्रज्ञांना पेचात टाकलं. एप्रिलमधला एका सर्पिल दीर्घिकेत फुटला. भलताच तेजस्वी, मावळायलाही सावकाश. डिसेंबरमधला एम ८४ या लंबगोल, म्हाताऱ्या दीर्घिकेतला. मंद, तांबूस, चटकन विझणारा. दोघेही ‘टाइप १ए’ जातीचे. म्हणजे ज्यांच्या ठरावीक तेजावरून अंतर मोजायचं, ते दिवेच सारखे नव्हते!

१९९३मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी तोड काढली: जो हळू मावळतो, तो मुळात जास्त तेजस्वी. चिलीतल्या कालान-तोलोलो पाहणीने हे सूत्र पक्कं केलं. त्याच्याच जोरावर १९९८मध्ये विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचं कळलं.

पण खाण तशी माती. २०१०च्या सुमारास दिसलं की, या सूत्राने तेज दुरुस्त करूनही जड दीर्घिकांतले अतिनवतारे किंचित उजळच ठरतात. जड म्हणजे सूर्याच्या सुमारे हजार कोटी पटींच्या वर. फरक तेजाच्या ०.०६ ते ०.०८ प्रतीचा, म्हणजे अंतरात तीन-चार टक्के. एरवी क्षुल्लक; विश्वाचं मोजमाप करताना मात्र नाही.

या फरकाचं कारण काय: ताऱ्यांचं वय, धातूंचं प्रमाण की धूळ? २०२१मध्ये ब्राउट आणि स्कॉल्निक या खगोलशास्त्रज्ञांनी धुळीकडे बोट दाखवलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही.