हा आजार कोणाचा?

मोडी वाचायला मी पस्तिशीत शिकले, तेही पुस्तकावरून. बार्शीहून पहाटेची एसटी धरायची, पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन रुमाल सोडायचे, कामाचे कागद उतरवून घ्यायचे, रात्री बहिणीकडे मुक्काम, हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता. २०११च्या पावसाळ्यात एकदा रुमालाची गाठच सुटेना. बोटांत जोर नव्हता. शिपायाला हाक मारली, त्याने गाठ सोडली, आणि मी ती गोष्ट विसरून गेले.

पुढची तीन वर्षे मात्र विसरता येण्यासारखी नव्हती. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, काही नाही म्हणाले, कॅल्शियम दिले. दुसऱ्यांनी युरिक ॲसिड तपासले. ते ठीक निघाले, तरी गाऊटच्या गोळ्या दिल्या आणि डाळी बंद करायला सांगितल्या. डोळे कोरडे पडत म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, रक्त कमी म्हणून आणखी कोणाकडे. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा तुकडा नीट तपासला. त्यांच्यापैकी कोणी अडाणी नव्हते. पण हा सगळा मिळून एकच आजार असेल, आणि असलाच तर तो कोणाचा, हे विचारणारे कोणी भेटले नाही.

दप्तरात काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. चुकीच्या रुमालात बांधलेला कागद हरवल्यातच जमा. माझ्या आजाराचा, म्हणजे संधिवाताच्या ज्या प्रकाराला आज ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्याचा, इतिहास मी पुढे वाचला तेव्हा तो असाच निघाला.

आपल्याकडे माधवनिदानात, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या शतकात, आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. हात, पाय, घोटे, गुडघे सुजतात, विंचू डसल्यासारखी वेदना होते, असे वर्णन त्यात येते. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला हे खरे. तरीही जुन्या ग्रंथातला शब्द आणि आजचे निदान यांच्यात बरोबरीचे चिन्ह मारायचा मोह मी आवरला आहे. सांधे सुजणारे आजार अनेक आहेत, आणि वर्णन जुळले म्हणजे आजार जुळला असे होत नाही.

युरोपात या आजाराचा पहिला स्पष्ट कागद १८००चा. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ऑगस्तें लान्द्रे-बोवे नावाच्या तरुण डॉक्टराने आपल्या प्रबंधासाठी नऊ रुग्ण पाहिले. नऊही बायका. गाऊट हा खात्यापित्या घरच्या पुरुषांचा रोग मानला जाई. या बायका तशा नव्हत्या, त्यांचे दुखणे अनेक सांध्यांत पसरलेले होते आणि दीर्घकाळ चाललेले होते. हे वेगळे काहीतरी आहे, हे त्याला दिसले. पण नाव देताना त्याने ‘अशक्तपणाचा गाऊट’ अशा अर्थाचेच दिले. कागद बरोबर वाचला, रुमाल मात्र जुनाच.

तो रुमाल बदलला लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने. गाऊटच्या रोग्याच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते, हे त्याने १८४८मध्ये दाखवले. त्याची पुढची चाचणी तर घरगुती वाटावी अशी आहे. रक्तातला पातळ द्रव बशीसारख्या काचेत घ्यायचा, ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे, त्यात तागाचा धागा बुडवून ठेवायचा. गाऊट असेल तर दीड-दोन दिवसांत धाग्यावर खडे जमतात. दुसऱ्या आजाराच्या रोग्यांत जमत नाहीत. त्या आधारावर १८५९मध्ये त्याने दुसऱ्या आजाराला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले. म्हणजे माझा युरिक ॲसिडचा रिपोर्ट ठीक आला तेव्हा त्याचा अर्थ सांगायची सोय दीडशे वर्षांपूर्वीच झालेली होती. मी उगाच डाळीवाचून राहिले.

आजाराला नाव मिळाले, पण डॉक्टर मिळायला आणखी ऐंशी वर्षे गेली. ‘ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट’ हा शब्द अमेरिकेत बर्नार्ड कॉमरो यांनी १९४०मध्ये वापरात आणला. त्या विद्येचे नाव जोसेफ हॉलंडर यांच्याकडून आले, १९४९मध्ये. हे तज्ज्ञ शल्यचिकित्सक नव्हेत, फिजिशियन. हाडांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मला ते सापडणार नव्हतेच.

या विद्येतला माझ्या मते सर्वांत मोठा प्रसंग एका रोग्याचे बोलणे ऐकण्याचा आहे. मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच १९२६पासून संधिवाताचा विभाग सांभाळत होते. १९२९मध्ये एका रोग्याने, तो स्वतः डॉक्टर होता, त्यांना सांगितले की कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिले असते. हेंचनी नोंद केली, असे आणखी रोगी शोधले, गरोदरपणातही बायकांचे दुखणे थांबते हे टिपले, आणि शरीरातच काहीतरी औषध आहे असे मानून त्या अज्ञात द्रव्यामागे जवळजवळ वीस वर्षे राहिले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी सहकारी एडवर्ड केंडल यांनी वेगळे केलेले एक संप्रेरक २९ वर्षांच्या एका बाईला टोचले. तिला धड चालता येत नव्हते. आठवडाभरात ती गावात जाऊन तीन तास बाजार करून आली. ते कॉर्टिसोन. १९५०चे नोबेल हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना मिळून दिले गेले.

या बाईचा बाजार मला फार जवळून कळतो. त्या तीन वर्षांत एका ठिकाणी मला इंजेक्शन मिळाले, आणि तिसऱ्या दिवशी मी पाट्यावर चटणी वाटली. देव भेटला असे वाटले. दर महिन्याला जाऊ लागले. कशाचे इंजेक्शन, हे मी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. मग चेहरा गोल झाला, साखर वाढली. कॉर्टिसोनच्या पहिल्या रोग्यांचेही तसेच झाले होते: तोंडे सुजली, काहींची मने भरकटली, औषध थांबले की दुखणे परत. हेंचनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. स्टेरॉइड वाईट नव्हे. आजही ते लागते. पण किती, किती दिवस आणि कधी उतरवायचे हे ठरवणारा माणूस समोर लागतो.

तो माणूस मला कसा मिळाला? शोधून नव्हे. २०१४मध्ये दप्तरात शेजारी बसणाऱ्या एका गृहस्थांनी माझी पेन धरायची तऱ्हा पाहिली. म्हणाले, “ताई, माझी आई लाटणं असंच धरायची. हाडांच्या डॉक्टरकडे जाताय का? ते नव्हे, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट विचारा.” मी तो शब्द वहीत मोडीत लिहून घेतला.

त्या डॉक्टरांनी फाइल उघडली नाही. आधी विचारले, “सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?” मी म्हटले, दहा वाजेपर्यंत. एवढ्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. मग बोटांचे एकेक पेर दाबून पाहिले, डोळे, तोंडाची कोरड, श्वास, सगळे विचारले. सगळे तुकडे पहिल्यांदा एका ठिकाणी आले. रक्ततपासण्या नंतर. त्यांतला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर काही निरोगी माणसांतही सापडतो आणि काही रोग्यांत सापडत नाही, म्हणून एकट्या कागदावर विसंबायचे नसते, हेही त्यांनीच सांगितले. मेथोट्रेक्सेट सुरू केले. १९८८मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालेले हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिले, ‘फक्त मंगळवारी’, आणि माझ्याकडून ते वाचून घेतले. उजव्या हाताची करंगळी वाकली ती वाकलीच. बाकीची नऊ चालतात.

हे लिहिण्यासाठी वाचन करताना एक माहिती हाती लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या उपक्रमात १९९६मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने एका गावात घरोघर पाहणी केली. आधी शिकवून तयार केलेले कार्यकर्ते दारात जाऊन विचारत, कुठे दुखते का, आणि दुखणे असलेल्यांना मग डॉक्टर तपासत. ४०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्क्यांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. माझा आजार सुमारे अर्धा टक्का लोकांत, म्हणजे दोनशेत एक.

ते गाव भिगवण. बार्शी-पुणे एसटीच्या वाटेवरचे. माणसांना त्यांच्या दारात जाऊन जो प्रश्न विचारला गेला, तो मला विचारला जावा म्हणून मी त्याच दारांवरून पुढे जात होते. जुनी तिकिटे मी टाकत नाही. त्या तीन वर्षांतली काढून मोजली. जाऊन-येऊन एकेचाळीस वेळा मी भिगवणवरून गेले होते, आणि बहुतेक वेळा खिडकीतून उजनीच्या पाण्यावरचे पक्षी पाहत.