सासरची झालेली मंगोल राजकन्या

राजघराण्यातल्या लेकींची लग्ने पुष्कळदा राजकारणासाठीच होत. कोरियात तेव्हा कोर्यो घराण्याचे राज्य होते. मंगोलांपुढे त्याला मान तुकवावी लागली आणि १२७४ सालापासून तिथल्या राजघराण्यात मंगोल राजकन्या सुना म्हणून येऊ लागल्या. सुनेच्या पाठोपाठ तिच्या माहेरचा हुकूमही येई.

अशांपैकीच बुदाशिरी ही एक. ती कुबलाईखानाच्या वंशातली. इतिहासात तिला राणी नोगुक म्हणतात. कोर्योचा राजपुत्र गोंगमिन लहानपणापासून मंगोल दरबारात ओलीस होता. तिकडेच १३४९ साली दोघांचे लग्न झाले. १३५१ साली तो राजा झाला आणि ती परक्या मुलखात सासरी आली.

गादीवर येताच राजाने मंगोल तऱ्हेची वेणी व पोशाख टाकून दिला. १३५६ साली मंगोलांच्या पक्षाचे सरदार मारून उत्तरेचा गेलेला मुलूख परत घेतला. म्हणजे नवऱ्याचे वैर थेट तिच्या माहेराशीच! अशा वेळी बाईने काय करावे? ती नवऱ्याच्या पाठीशी राहिली.

१३६१ साली चीनमधले लाल फेटेवाले बंडखोर राजधानी केसोंगवर चालून आले. राजाराणीला दूर आंदोंग गावी पळावे लागले. वाटेत ओढा लागला, तेव्हा गावच्या बायकांनी ओणव्या राहून आपल्या पाठींचा पूल केला व राणीला पार नेले, अशी तिकडे कथा सांगतात. आंदोंगच्या बायका तो खेळ अजून खेळतात.

परत येताना १३६३ साली राजाचा मुक्काम एका मठात होता. रात्री मारेकरी घुसले. राजासारखा दिसणारा एक सेवक त्याच्या बिछान्यावर निजला आणि प्राणास मुकला. राजा राजमातेच्या खोलीत लपला होता. राणी त्या खोलीच्या दारातच बसली व हलली नाही. मंगोल राजकन्येवर हात टाकणे सोपे नव्हते. ज्या माहेराशी नवऱ्याचे वैर, त्याच माहेरचे नाव तिने त्याच्यापुढे ढालीसारखे धरले.

तलवारींना न भ्यालेली ही राणी १३६५ साली बाळंतपणात गेली. लग्नाला सोळा वर्षे झाली होती. राजा तिच्या तसबिरीपुढे बसून रडे. १३७४ साली त्याचाही खून झाला. केसोंगजवळ दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. २०१३ साली जागतिक वारशाच्या यादीत त्यांची नोंद झाली.

तिला देताना कोणी तिचे मन विचारले नसेल. पण दारात बसायला तिला कोणी सांगितले नव्हते. ते तिचे तिनेच ठरवले.